खाली कोण?

"आजी, तुमचा मालक ज्या इंजिनाखाली गेला, त्याच इंजिनाला तुमी काहून पुसून राहिल्या?"

राणीनं एका दमात विचारून टाकलं आणि जीभ चावली. मैत्रिणींच्या घोळक्यात हा प्रश्न जेवढा धीट वाटला होता, तेवढा तो इथं खडीवर, उन्हात, त्या काळ्या लोखंडासमोर उभं राहिल्यावर वाटेना. मागं पत्र्याच्या शेडच्या सावलीत रुपा आणि संगिता एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "वक्तृत्वात ढाल आणली म्हणून लई बोलायलीस ना? मग हे विचारून दाखव. हाय हिंमत?" असं रुपानं म्हणायचा अवकाश, राणी चालायलाही लागली होती.

इंजिनाच्या पोटाखालून पद्माबाईंचे फक्त पाय दिसत होते. भेगाळलेल्या टाचा, तळव्यांना चिकटलेली काळी माती. फडक्याचा आवाज थांबला. आता बाई बाहेर येणार आणि आपल्या कानाखाली जाळ काढणार, असं राणीला वाटलं.

"घाण झालंय म्हणून," आतून उत्तर आलं. मग जरा थांबून, "आन् विचारायला मोकळ्या हातानं आलीस व्हय? तो डिझेलचा डबा सरकव इकडं."

राणीनं डबा सरकवला. विषय संपला. पैज जिंकल्याचा समोसा मात्र तिला त्या दिवशी काही गोड लागला नाही.

हिंगोलीच्या बाहेर, रेल्वेलाइनला खेटून जी जुनी खडीची खाण आहे, तिथलं हे इंजिन. लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारं नव्हे. बुटकं, चौकोनी, डिझेलवर चालणारं. लहान रुळाच्या काळात खडीनं भरलेले डबे ढकलत ते मुख्य लाइनीपर्यंत न्यायचं. पुढं मोठी लाइन आली, खाणीचा फाटा तोडला गेला, खाण बंद पडली आणि इंजिन शेडमध्ये उभं राहिलं ते राहिलंच. छपरावर कबुतरांचा संसार, रेडिएटरात गांधीलमाश्यांचं पोळं. आता ती जागा कुणीतरी गोदामासाठी घेतली होती. रूळ उपटले जाणार होते आणि इंजिनाला क्रेननं उचलून, ट्रकवर टाकून गावातल्या बागेत शोभेला ठेवायचं ठरलं होतं.

तेव्हा देविदासकाका मध्ये पडले. हेच इंजिन त्यांनी उभी उमर चालवलं होतं. तांड्यावरून सायकल मारत ते खाणीवर आले आणि जागेच्या मालकाला म्हणाले, "साहेब, मढं उचलल्यावानी न्हेऊ नका त्याला. एकडाव आपल्या पायानं शेडबाहेर येऊ द्या. मंग कुटंबी ठिवा."

मालक हसला. पण ट्रक यायला अवकाश होता, आणि फुकटात कुणी इंजिन घासूनपुसून देत असेल तर त्याचं काय जात होतं? तो 'हो' म्हणाला.

मग माणसं जमली. आखाडा बाळापूरला ट्रॅक्टरचं गॅरेज असलेला अमरसिंग आला. ढेरी सांभाळत यायचा आणि आल्या आल्या "चहा हाय का न्हाई? चहाबिगर माझा पाना फिरत नाही," म्हणायचा. राणीचे वडील बुद्धभूषण आले. ते एसटीच्या डेपोत कारकून, पण लहानपणी याच इंजिनाच्या मागं पळालेले. विज्ञानाच्या बाईंनी राणीच्या वर्गातल्या पोरींना गंज घासायला पाठवलं. दोन रविवार वीसएक पोरी आल्या, तिसऱ्या रविवारी तिघीच उरल्या. आणि पद्माबाई. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पहिल्या रविवारी सगळे पोचले, तेव्हा त्या आधीच इंजिनाखाली होत्या.

राणीला तिथं भलतीच मजा येत होती. घरी नळाची तोटी गळली तरी तिला हात लावू न देणारे पप्पा इथं तिच्या हातात पाना देत होते. अडकून बसलेले पिस्टन डिझेल ओतून ओतून मोकळे केले, ते तिनं पाहिलं. हवेच्या नळ्यांवर साबणाचं पाणी लावून फुगे कुठं येतात ते शोधायचं काम तर तिचंच. फुगा दिसला की ती अशी ओरडायची, की कबुतरं उडायची. मागच्या वर्षापर्यंत हीच पोरगी वर्गात हजेरीला साधं 'हजर' म्हणायला लाजायची. नाव पुकारलं की मान खाली. मागून रुपा बोटानं ढोसायची आणि शेवटी तीच तिच्या आवाजात 'हजर मॅडम' म्हणून मोकळी व्हायची. यंदा कुणास ठाऊक काय झालं, घशातलं कुलूप निघालं. आता राणी स्वतःची हजेरी द्यायचीच, वर रुपा उशिरा आली तर तिचीही द्यायची, संगिताची द्यायची. बाईंना कळायचं नाही. यात लबाडी आहे असं तिघींच्या मनातही कधी आलं नाही. मैत्री म्हणजे आणखी काय असतं?

एका गोष्टीचं मात्र तिला हसू यायचं. संध्याकाळी काम उरकलं की देविदासकाका इंजिनाच्या खुर्चीवर चढून बसायचे. इंजिन मेलेलं, बॅटरी नाही, टाकीत डिझेल नाही. तरी ते खिडकीतून डोकं काढून खणखणीत विचारायचे, "खाली कोण?"

मग पद्माबाई गुडघे धरत बाहेर यायच्या, खिडकीसमोर उभ्या राहायच्या, कपाळावरचा पदर मागं सारून तोंड नीट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पद्मा, बाहेर."

देविदासकाका मान हलवायचे. मग खाली उतरायचे. ज्यानं कुणी त्या दिवशी इंजिनाखाली डोकं घातलं असेल, त्या प्रत्येकाला हे करावं लागे. अमरसिंगला, पप्पांना, पोरींना. एकदा राणी म्हणाली, "काका, हे काय शाळेची हजेरी हाय का? चालू तर होईना ते, मंग खाली कोणी असला तर काय त्याला खाणार हाय?"

कुणी हसलं नाही. अमरसिंगसुद्धा नाही. देविदासकाका सायकलकडं गेले.

त्या दिवशी घरी जाताना स्कूटरवर पप्पांनी तिला सांगितलं. पद्माआजीचा नवरा प्रेमानंद या खाणीवर फिटर होता, एवढं पोरींना ऐकून माहीत होतं. तो इंजिनाखाली सापडून गेला, हेही. पण कसा, ते माहीत नव्हतं.

"ब्रेकचा दांडा बसवाया खाली गेलता," पप्पा वाऱ्यात मान वळवून बोलत होते. "वर देविदासकाका. डबे भरून उभे, उशीर झालेला. काकांनी विचारलं, प्रेमानंद निघाला का? मुकादम घाईत व्हता. त्यानं पल्याडून कुणाला तरी चालताना पाहिलं आन् म्हनला, आला आला, चल तू. काकांनी गाडी सोडली."

राणीनं पुढं सरकून कान त्यांच्या खांद्याशी नेला.

"मुकादम वाईट नव्हता. त्याला खरंच वाटलं, आला म्हणून. नंतर खाणीतल्या मानसांनीच ठरवलं, की जो खाली गेला त्यानंच तोंड दाखवायचं आन् त्यानंच आपलं नाव सांगायचं. दुसऱ्यानं दुसऱ्याचं सांगायचं न्हाई. साहेबानं सांगितलं तरी गाडी हलवायची न्हाई."

"आन् पद्माआजी?"

"त्यांना तिथंच कामाला घेतलं. इंजिन पुसायला."

"देविदासकाकांच्याच इंजिनावर?"

"दुसरं इंजिन व्हतंच कुठं?"

शेजारच्या शिवारात हळद शिजवायला लावली होती. तिचा उग्र वास रस्ताभर पसरला होता. राणी मनातल्या मनात बघत होती. वर बसलेला माणूस, खाली वाकलेली बाई. वर्षानुवर्षं. ती त्याला कधी काही बोलली नसेल. तोही कधी माफ कर म्हणाला नसेल. रोज संध्याकाळी तो फक्त विचारायचा, आणि ती बाहेर येऊन आपलं नाव सांगायची.

आपण विचारलेला प्रश्न तिला आठवला. पप्पांच्या शर्टाला तिनं घट्ट धरलं.

इंजिन ज्या रविवारी सुरू झालं त्या रविवारी राणीनं ते सगळं विसरूनही टाकलं. पोरीचं वयच तसं. अमरसिंगनं आपल्या ट्रकच्या बॅटऱ्या आणून जोडल्या होत्या. सेल्फ मारला की इंजिन गुरगुरायचं, खोकायचं आणि बसायचं.

"एअर धरली हाय," अमरसिंग म्हणाला. "शेतातल्या डिझेल पंपासारखंच हाय हे, फकस्त मिजास मोठी." त्यानं नळीचा नट सैल केला, फेसाळ डिझेल भुळभुळ बाहेर आलं, मग सरळ धार लागली. नट आवळला. पुन्हा सेल्फ. आणि मग शेडचा पत्रा न् पत्रा थरथरला. काळ्या धुराचा लोट छपरातून वर गेला, कबुतरं एकदम उठली. बुद्धभूषण, डेपोत टेबलाशी मान खाली घालून बसणारा माणूस, लहान पोरासारखा उड्या मारत होता. रुपा कानावर हात ठेवून किंचाळत होती. अमरसिंगनं संगिताच्या हातातला चहाचा कप घेऊन इंजिनालाच दाखवला, "घे बाबा, तू आधी घे!"

पद्माबाईंनी फक्त इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात टेकवला. बराच वेळ. आजारी लेकराच्या अंगाला हात लावून ताप बघावा तसा.

देविदासकाका वरून त्यांच्याकडं बघत होते. "पद्माबाई," ते म्हणाले, "चालंल म्हणता?"

"चालंल," त्या म्हणाल्या. "पर नीट."

जागेच्या मालकाला बातमी कळल्यावर त्याचा उत्साह एकाएकी वाढला. पुढच्या रविवारी, ट्रक यायच्या आदल्या दिवशी, मांडव आला. झेंडूच्या माळा आल्या, लाउडस्पीकर आला, कुणी एक मोठे साहेब हिरवा झेंडा दाखवायला यायचे ठरले. शेडपासून रूळ संपतात तिथपर्यंत इंजिन जाणार, बस्स, एवढंच. खाणीचा उतार सुरू व्हायच्या आत ते थांबणार. पण तेवढ्यासाठी कलमनुरीहून, नरसीहून, कुठून कुठून माणसं आली. रिकाम्या खाणीच्या काठावर पोरं पाय सोडून बसली.

साहेब उशिरा आले आणि आल्याबरोबर घड्याळ बघायला लागले. त्यांना पुढं दुसरीकडं जायचं होतं. भाषण झालं. त्यात राणीचं नावही आलं, 'आपल्या कन्या' वगैरे, आणि राणी चवड्यांवर उभी राहिली. तिच्या हातात पप्पांचा मोबाईल. सगळं चित्रण तिच्याकडं.

इंजिन सुरू होतं. सुरू झाल्यावर काही वेळ थांबावं लागायचं, कारण ब्रेक हवेवर, आणि हवा भरेपर्यंत त्याचा भरवसा नाही. तोवर चाकांखाली लाकडी ठोकळे. हवा भरली की ठोकळे काढायचे. आणि चाकांच्या बाहेरून पायऱ्यांचं, पत्र्याचं असं काही कवच होतं, की ते ठोकळे खाली शिरून आतल्या बाजूनंच ओढावे लागत. ते काम नेहमी पद्माबाईंचं. त्या बारीक होत्या, आणि कुणी त्यांना कधी 'मी जातो' म्हटलंही नव्हतं.

देविदासकाकांनी हवेचा काटा पाहिला आणि मान हलवली. पद्माबाई खाली शिरल्या. जरा वेळानं एक ठोकळा बाहेर खडीवर येऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"खाली कोण?" काकांनी विचारलं.

लाउडस्पीकरवर गाणं, इंजिनाचा धडधडाट, साहेबांच्या माणसाचं "चला चला, उशीर व्हायलाय" चाललेलं. राणीनं मोबाईलमधून मान वर केली. पलीकडं बायकांच्या घोळक्यात तिला राखाडी लुगडं दिसलं. पद्माआजीचंच की! ठोकळा पडला, आजी पल्याडून निघून गेल्या. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ढाल आणणाऱ्या त्या आवाजात, लाउडस्पीकरच्याही वर ऐकू जाईल असं ओरडली,

"पद्माआजी बाहेर!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. साहेबांनी झेंडा उचलला. देविदासकाकांचा हात दांड्यावर होता. ते खिडकीतून राणीकडं बघत होते.

"त्यांना सांगू दे," ते म्हणाले.

"अवो काका, आल्या त्या! म्या पाह्यलं. निघा की!"

साहेबांनी झेंडा हलवला. एकदा. दोनदा. त्यांचा माणूस धावत पायरीपाशी गेला, "काय झालं बाबा? ऐकू येत न्हाई का? चल!"

देविदासकाकांनी दांड्यावरचा हात काढला. मग त्यांनी दुसरा दांडा ओढला आणि इंजिन बंद केलं.

धडधड विरत गेली. लाउडस्पीकरवाल्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं गाणंही बंद केलं. मांडवातली माळ हलत होती तेवढीच. आणि त्या शांततेत इंजिनाच्या पोटातून पद्माबाईंचा साधा, जरा वैतागलेला आवाज आला,

"दुसरा ठोकळा अडकलाय रं देविदास. थांब जरासा."

साहेबांच्या हातातला झेंडा हळूहळू खाली आला.

राखाडी लुगड्यातली ती दुसरी बाई, नरसीहून नातवाला इंजिन दाखवायला आलेली, काय झालं म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती.

पद्माबाई बाहेर आल्या तेव्हा घाईत गुडघा लोखंडावर आपटून आल्या होत्या. तरी त्या लंगडत खिडकीसमोर गेल्या. पदर मागं सारला.

"पद्मा, बाहेर."

देविदासकाकांनी मान हलवली नाही. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर कपाळ टेकवलं होतं.

साहेब गेले. पुन्हा सेल्फ मारला तर नुसती टकटक. जुनं सेल्फ, बॅटऱ्या बसल्या होत्या. मांडववाला बांबू सोडवायला लागला. माणसं दुचाक्यांना लाथा मारत, "चाललंच न्हाई राव ते", "म्हातारी मध्येच घुसली म्हनं," असं बोलत पांगली. राणीला कुणी एक शब्द बोललं नाही. पप्पा तर तिच्याकडं न बघताच अमरसिंगबरोबर बॅटऱ्या टेम्पोत चढवून बाळापूरला गेले. रात्रभर चार्जिंगला लावून पहाटे आणायच्या, ट्रक यायच्या आत एकदा बघायचं, एवढंच अमरसिंग म्हणाला. त्यानं चहा मागितला नाही.

"अगं, झालं का काही? न्हाई ना?" रुपा तिचा दंड हलवत होती. "आपण काय मुद्दाम केलं? चल ना घरी."

"तू जा," राणी म्हणाली.

पद्माबाई शेडमागच्या हौदावर हात धूत होत्या. गुडघा सुजून लुगड्याआडूनही दिसत होता. राणी जाऊन उभी राहिली. एवढी बोलकी पोरगी, पण मागच्या वर्षीसारखं पुन्हा घशाला कुलूप लागलं. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, तांब्या पुढं केला. राणी त्यांच्या हातावर पाणी ओतू लागली.

"त्या दिशी विचारलं व्हतंस न्हाई तू," पद्माबाई म्हणाल्या. "काहून पुसता म्हणून."

"आजी, ते पैजेचं व्हतं. मला..."

"ओत. थांबू नको." त्यांनी कोपरापर्यंत हात चोळला. काळं पाणी हौदाच्या कडेनं ओघळलं. "माझा मालक खाली गेला, तो आला न्हाई. लोकं म्हणली, बाई, त्या इंजिनाचं तोंड पाहू नको. म्या म्हणलं, न्हाई पाह्यलं तर मला रोज झोपंत तेच दिसंल, खाली जाताना. मंग म्या सोताच जायला लागले. जायचं अन् यायचं. गेलेलं माणूस परत येतंय, हे मला पाहाया लागायचं. रोज. अन् देविदासलाबी लागायचं. तो येडा तर सुट्टीच्या दिशीबी यायचा विचाराया."

पाणी संपलं होतं. राणी रिकामा तांब्या तसाच वाकवून धरून होती.

"तू म्हणलीस मी बाहेर आले. मी न्हवते आले, बाय."

एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर राणीला बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि पद्माबाईंनी ओल्या हातानंच तिची वेणी पाठीमागं टाकली, जेवताना पोरीच्या ताटात वेणी येऊ नये म्हणून टाकतात तशी.

देविदासकाका इंजिनाच्या पायरीवर बसून होते. उन्हं कलली होती, मांडवाचे बांबू टेम्पोत पडत होते.

"पहाटं बॅटऱ्या येतील," पद्माबाई त्यांच्याजवळ लंगडत जाऊन म्हणाल्या. "पर माझा गुडघा काय वाकायचा न्हाई."

"मंग राहू द्या," काका म्हणाले. "ट्रक येईल, न्हेईल उचलून. माझीबी छाती राह्यली न्हाई आता. खाली कोण जाणार? अमरसिंग मावत न्हाई. बुद्धभूषणला खाली जा म्हणायचं माझं तोंड न्हाई, आजचं पाह्यल्यावर." त्यांनी लोखंडावरून हात फिरवला. "येवढंच म्हणलं व्हतं मी, आपल्या पायानं जाऊ द्या."

राणी दोघांच्या मधोमध उभी होती. ती काय म्हणाली ते पहिल्यांदा कुणालाच ऐकू गेलं नाही. मग ती पुन्हा म्हणाली, "मी जाते."

देविदासकाकांनी मान वर केली. पद्माबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

"लेकरू हायेस तू," काका शेवटी म्हणाले. "आईबापाला सांगून ये. ते हो म्हणले तरच. लपूनछपून आलीस तर मी वर चढणार न्हाई."

घरी ज्योतीनं, राणीच्या आईनं, चूल कधीच पेटवली होती. गॅस असला तरी भाकरी चुलीवरच. पप्पा बाळापूरहून परतले होते, पाटावर बसून ताटात बोट फिरवत होते. दोघांचं बोलून झालेलं आहे, हे राणीला उंबऱ्यातच कळलं.

"उद्यापासून तिकडं पाऊल टाकायचं न्हाई," आई तव्याकडंच बघत म्हणाली. "झालं तेवढं लई झालं. नसतं थांबवलं त्यांनी तर? कुणाचं तोंड बघणार व्हतो आपण? शाळा कर, अभ्यास कर. मोठं बोलायला शिकलीस, बास झालं."

"ज्योती, जेवू दे तिला आधी," पप्पा म्हणाले.

"जेवू दे की. कोण न्हाई म्हणतंय?"

राणी पाटावर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. हातांना अजून डिझेलचा वास होता. तिनं ते पाठीमागं धरले.

"पप्पा, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या?"

"लावल्या. काय उपयोग? खाली जायला कोणी न्हाई."

"मी जाणार हाये," राणी म्हणाली.

तव्यावरची भाकरी फुगली आणि आईनं ती काढली नाही.

"ठोकळे मी काढणार. काकांशी बोलून आले. ते म्हणले, घरी सांगून ये, म्हणून सांगून राहिले." तिचा आवाज मोठा नव्हता. ढालीवाला नव्हताच. "तुमी दोघं या. खिडकीपाशी उभं राहा, पाहिजे तर. पण मला यायला उशीर लागला, इंजिन कितीबी मोठ्यानं वाजलं, तरी मधात कोणी काही बोलायचं न्हाई. आई, तूबी न्हाई. माझं मी येऊन सांगीन."